पहाटेचे दोन तास

या पाक्षिकाच्या वाचकांत काही जण वयाने वडीलधारे आहेत आणि काही जण अशा वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारे. माझी गणना दोन्हींत होते. माझे वय 62 असून घरी पक्षाघाताने उजवी बाजू अधू झालेले माझे पती आहेत. अशा स्त्रीने 42 किलोमीटर धावण्याची हकिकत आपल्यापुढे मांडावी, यात कोणाला औद्धत्य वाटेल. तरीही मी ती लिहिते आहे. धावण्यासाठी पाय लागतात हे खरे. परंतु शुश्रूषा करणाऱ्या माणसाला त्याआधी घराबाहेरचे दोन तास लागतात, आणि ते कोणाकडून तरी मागून घ्यावे लागतात. ते कसे मागावेत, याविषयी मला काही सांगायचे आहे.

आपल्याकडे ‘मॅरेथॉन’ हा शब्द मोठ्या उदारपणे वापरला जातो. शाळेची मुले सकाळी 3 किलोमीटर धावून आली, तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ती मॅरेथॉनच होते. खऱ्या मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते सुमारे 40 किलोमीटर होते. आजचा आकडा 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधला असून 1921 साली तो कायम झाला. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावण्याची मुभा मिळाली ती थेट 1984 साली. त्याच वर्षी माझे लग्न होऊन मी कामठीला आले. अंतराची कल्पना यावी म्हणून आमच्या भाषेत सांगते: नागपूरहून रामटेकच्या गडाकडे पायी निघावे आणि जवळजवळ पायथ्याशी येऊन थांबावे, इतके ते आहे.

कामठी हे छावणीचे गाव. कन्हान नदीच्या काठी 1821 साली इंग्रजांनी येथे लष्करी तळ वसवला. आज येथे गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. गावात विड्या वळणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे आणि दूरदूरची माणसे ड्रॅगन पॅलेस पाहायला येतात. पहाटे जवानांच्या तुकड्या धावत जातात, त्यांच्या बुटांचा ठेका आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. चाळीस वर्षे मी तो अंथरुणात पडल्या पडल्या ऐकला. आपणही कधी उठून त्या रस्त्याला लागू, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये यजमानांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि त्याहून कठीण म्हणजे वाचा गेली. समोरच्याचे सारे समजत होते, ओठांवर शब्द मात्र येत नव्हता. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. बोलण्याची इच्छा आणि बुद्धी शाबूत असते. शब्द शोधून उच्चारण्याची मेंदूतील वाट तेवढी बंद झालेली असते. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना पुढचा दिनक्रम सांगायला नको. पहाटे उठवणे, स्वच्छ करणे, औषधे, भरवणे, व्यायाम, पुन्हा औषधे. दिवस केव्हा उगवतो आणि केव्हा मावळतो, याचा पत्ता लागत नाही.

2023 च्या फेब्रुवारीत त्यांच्या नेहमीच्या तपासणीला आम्ही गेलो होतो. त्यांचा रक्तदाब मोजून झाल्यावर डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि काही न बोलता माझ्या दंडाला बांधला. वरचा आकडा 158 आला, दहा मिनिटांनी पुन्हा मोजला तेव्हा 156. मग त्यांनी माझ्याशी वेगळे बोलायला सुरुवात केली. रुग्णाची सेवा करणारा माणूस स्वतः आजारी पडला की एका घरात दोन रुग्ण होतात आणि सेवा करणारे कोणीच उरत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एक गोळी लिहून दिली आणि रोज चाळीस मिनिटे भराभर चालायला सांगितले. मी विचारले, “आणि तेवढा वेळ ह्यांच्याजवळ कोण बसेल?” डॉक्टर म्हणाले, “ते औषध माझ्याकडे नाही. ते तुम्हालाच शोधावे लागेल.”

हा शोध मला पुढच्या सगळ्या धावण्यापेक्षा जड गेला. घरी कोणी अंथरुणाला खिळले की भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना म्हणतो, “काही लागलं तर सांगा.” म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण ‘काही’ या शब्दाला काम नसते आणि वेळही नसते, म्हणून तो शब्द हवेत राहतो. मी एका कोऱ्या कागदावर आठवड्याचे रकाने आखले आणि प्रत्येक रकान्यात वेळ लिहिली. मंगळवार, पहाटे 5 ते सव्वासहा. गुरुवार, तेवढाच वेळ. रविवार, थोडा अधिक. तो कागद घेऊन प्रथम शेजारच्या काकांकडे गेले. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पहाटे चारलाच उठणारे. त्यांना म्हटले, “मंगळवारी आणि शनिवारी सव्वा तास ह्यांच्याजवळ बसाल का?” काका कागदाकडे बघत म्हणाले, “बस एवढंच? वहिनी, जा ना तुम्ही. मी आहो ना इथं.” गुरुवार पुतणीने घेतला, ती नागपूरला महाविद्यालयात शिकते आणि आमच्याकडे बसून अभ्यास करते. रविवारसाठी मुलगी शनिवारी रात्री नागपूरहून येऊ लागली. मदत मागताना दिवस, वेळ आणि काम सांगितले तर माणसे ‘हो’ म्हणतात, किंवा मोकळेपणाने ‘नाही’ म्हणतात. दोन्ही उत्तरे उपयोगाची असतात.

कागदाच्या मागच्या बाजूला मी सूचना लिहिल्या. आपल्यापैकी कोणाच्या उपयोगी पडतील म्हणून त्यांतील मुख्य येथे देते. पाणी पाजायचे ते पूर्ण बसवूनच, हनुवटी किंचित खाली, एका वेळी एक चमचा. पहिला घोट गिळल्याची खात्री झाल्याखेरीज दुसरा द्यायचा नाही, आणि ठसका लागला तर थांबायचे. उठवताना अधू हाताला धरून कधीही ओढायचे नाही, त्याने खांदा निखळतो. आपण गुडघ्यांत वाकायचे, पाठ सरळ ठेवायची, रुग्णाला अंगाशी घ्यायचे आणि त्याच्या अधू पायाच्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा आधार द्यायचा. शब्द सापडत नसेल तर घाईने तो पुरवायचा नाही, वाट पाहायची. ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे विचारायचे. आणि चेहरा वाकडा झाला, हाताची ताकद आणखी गेली किंवा अचानक गुंगी आली, तर मला फोन करण्यात वेळ न दवडता आधी 108 ला करायचा.

आता त्या सव्वा तासात घरी काय घडत होते, ते ऐका. काकांनी पत्ते आणले. यजमान डाव्या हाताने पत्ते धरू लागले. धरता येईनात तेव्हा काकांनी पाटावर जुनी कंगवी उभी रोवून तिच्या दात्यांत पत्ते अडकवण्याची युक्ती काढली. रमीचा डाव चाले. एका मंगळवारी मी घाम पुसत दारात आले, तर आतून स्पष्ट, खणखणीत आवाज आला: “चोर!” दीड वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता. काकांनी एक पत्ता लपवला होता आणि ते पकडले गेले होते. काका इतके हरखले की पुढचे तीन डाव मुद्दाम चोरी करत राहिले. वाचाघातात ठरवून बोलायचे शब्द अडतात, पण रागात, हसण्यात किंवा गाण्यात एखादा शब्द आपोआप निसटून बाहेर येतो, हे वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला नंतर समजावले. माझ्याजवळ त्यांना चोर म्हणण्याचे कारणच नव्हते. मी पत्ते खेळत नाही.

चालण्याचे धावणे कसे झाले, याची कथा छोटी आहे. तीन महिने मी छावणीतल्या झाडांखालच्या रस्त्यांवर भराभर चालले. हातात काठी, कारण भटकी कुत्री. दुसऱ्या हातात बॅटरी. महामार्गाच्या बाजूला मी कधीच गेले नाही, तेथे मालमोटारी वेगाने जातात. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर एका पहाटे विजेच्या दोन खांबांमधले अंतर धावले आणि पुढचे दोन चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी ईसीजी आणि ट्रेडमिलवरची चाचणी करून घेतली आणि मगच परवानगी दिली. पन्नाशीनंतर धावायला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने हे करावे, असा माझा आग्रह आहे, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी किंवा न थांबणारी धडधड जाणवली, तर धावणे तेथेच संपवून डॉक्टरांकडे जायचे.

वेगाची मोजपट्टी त्यांनी सोपी दिली: धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की चालायचे. मी तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे हा क्रम धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आपल्या वयात दम लवकर वाढतो. स्नायूंना आणि विशेषतः स्नायू हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांना मात्र त्या मानाने फार वेळ लागतो. दम आहे म्हणून अंतर वाढवले की टाच किंवा घोटा धरतो. तरुण मुले चार-पाच महिन्यांत मॅरेथॉनची तयारी करतात. मी दीड वर्ष घेतले. मध्ये नागपूरला 21 किलोमीटरची एक शर्यत पूर्ण केली, तीही रमत गमत. गुडघ्यांविषयी मला सर्वांत जास्त विचारले जाते. निरोगी गुडघा बेताने धावल्यामुळे झिजतो, असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. ज्यांचे सांधे आधीच झिजले आहेत, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून चालणेच धरावे. त्यात कमीपणा काही नाही.

आठवड्यातून दोनदा मी मांड्यांचे व्यायाम करत असे. वय वाढते तसे स्नायू घटत जातात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. नुसत्या चालण्याने ती भरून निघत नाही. फिजिओथेरपिस्टने यजमानांना खुर्चीतून उठण्या-बसण्याचा पाठ दिला होता. मीही दुसरी खुर्ची समोर मांडून त्यांच्याबरोबर तोच करू लागले. ते एकदा उठत तेव्हा मी तीनदा. वर्षभराने त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझी कंबर दुखेनाशी झाली. एवढा एकच लाभ झाला असता, तरी मी धावण्याला नावे ठेवली नसती.

नावे ठेवणारे अर्थात भेटले. “नवरा अंथरुणावर आणि ही पहाटे पळते,” हे वाक्य माझ्या कानांवर नातलगांकडूनच आले. उत्तर म्हणून एखादीने लताबाई करे यांचे नाव घेतले असते. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या आणि पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या या साठीपुढच्या बाई पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या ज्येष्ठांच्या शर्यतीत लुगड्यावर, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. पण त्यांची गोष्ट कौतुकाने सांगणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. नवऱ्याच्या तपासणीसाठी एखाद्या बाईला शर्यत जिंकावी लागू नये. आणि धावण्यासाठी नवऱ्याचे आजारपण हेच एकमेव मान्य कारण असावे, हेही मला पटत नाही. मी माझ्या रक्तदाबासाठी धावले, आणि नंतर मला आवडू लागले म्हणून धावले. फौजासिंग यांनी मुलाच्या मृत्यूच्या दुःखातून सावरण्यासाठी धावायला सुरुवात केली आणि 2000 साली लंडनला 89 व्या वर्षी पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. 2011 साली टोरांटोला शंभरीत त्यांना आठ तासांहून थोडा अधिक वेळ लागला. जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनेसने तो विक्रम नोंदवला नाही. 2025 च्या जुलैत जालंधरजवळ त्यांच्या गावी रस्ता ओलांडताना मोटारीच्या धडकेने ते गेले. त्या दिवशी काकांनी बातमी मोठ्याने वाचली आणि यजमानांनी डावा हात कपाळाला लावला.

आमच्या विदर्भात खरा प्रतिस्पर्धी उन्हाळा. मे महिन्यात नागपूर-कामठीचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत मी अंतर निम्मे केले. घरी परतल्यावर ताक किंवा कैरीचे पन्हे घेई. लांब धावताना लिंबू, मीठ आणि साखरेचे पाणी, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की. एक गोष्ट येथे ठळकपणे सांगायला हवी. उन्हाच्या भीतीने आपण भरमसाठ पाणी पितो, आणि सहा-सहा तास सावकाश धावणाऱ्यांना त्याचाच धोका असतो. नुसते पाणी फार झाले की रक्तातील सोडियम घसरते; मळमळ, डोकेदुखी, गोंधळ होतो आणि प्रसंगी जीवावर बेतते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तहान लागेल तेवढेच प्यावे. दुसरे म्हणजे, दुखेल म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. अशा परिश्रमात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

19 जानेवारी 2025 च्या मुंबई मॅरेथॉनसाठी मी नाव नोंदवले, तेव्हा प्रश्न पायांचा उरलाच नव्हता. दीड वर्षात सर्वांत लांबचे माझे धावणे 30 किलोमीटरचे झाले होते. प्रश्न होता तीन रात्रींचा. आजारपणानंतर मी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. मुलीने रजा घेतली, पुतणी राहायला आली, काका दोन वेळा येणार होते. तरी तिकीट काढण्याआधी मी यजमानांना विचारले, कारण परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क त्यांचा होता. “तीन रात्री जाऊ का?” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी वाट पाहिली. मग डाव्या हाताने त्यांनी भिंतीवरचा रकान्यांचा कागद दाखवला. तीन दिवसांचे रकाने मुलीने कधीच भरून ठेवले होते, आणि त्याखाली डाव्या हाताचे, लहान मुलासारखे वाकडे, पण वाचता येईल असे त्यांचे एक अक्षर होते: ‘जा’. विदर्भ एक्सप्रेसचे तिकीट त्याच संध्याकाळी काढले.

शर्यतीविषयी फार लिहीत नाही. कामठीची जानेवारीची थंडी कोरडी. मुंबईत पहाटेच हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि कपडे अंगाला चिकटून काखा सोलतात. व्हॅसलिन लावले होते म्हणून निभावले. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एरवी पायी जायला बंदी असते, त्या दिवशी मात्र समुद्रावरून वारा अंगावर घेत चालत-धावत गेले. माहीमच्या पुढे एका आजीबाईंनी खुर्चीवर ताट घेऊन बसल्या बसल्या मला संत्र्याच्या फोडी दिल्या. नागपूरकडच्या माणसाला मुंबईत कोणी संत्रे द्यावे, याचे मला हसू आले. संत्रे आंबट होते आणि त्या घटकेला अमृतासारखे लागले. पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ येतो. तेथे मी धावण्याचा विचार सोडला आणि सगळा चढ चालत गेले. 6 तास 10 मिनिटे लागली. माझ्या मागे बरीच माणसे होती आणि पुढे फारच अधिक.

घरी फोन लावला तेव्हा मुलीने सांगितले की रात्री दोनला बाबांना ठसका लागला होता. तिने कागदावर लिहिल्याप्रमाणे बसवले, थोडे पुढे वाकवले आणि तो थांबला. हे तिने मला शर्यत संपेपर्यंत सांगितले नव्हते. मी पाच मिनिटे फुटपाथवर बसून राहिले. आजही त्या दिवसाची आठवण काढली की मला पेडर रोडच्या आधी तो ठसका आठवतो.

परतल्यावर तीन आठवडे मी धावले नाही. दोन नखे काळी पडून गळाली. रक्तदाब आता गोळीच्या निम्म्या मात्रेवर आटोक्यात आहे. ती मात्रा डॉक्टरांनी कमी केली, मी नव्हे. यजमान चारपायी काठीच्या आधाराने फाटकापर्यंत जातात आणि काकांना आत घेऊन येतात. शब्द मोजकेच आहेत, पण त्यांत काकांसाठी राखून ठेवलेले दोन-तीन आहेत, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. कागद तीनदा नवा आखून झाला. गुरुवारच्या रकान्यापुढे सध्या कोणाचे नाव नाही, कारण पुतणीच्या परीक्षा आहेत. त्या संपेपर्यंत गुरुवारी मी घरीच असते, आणि आम्ही दोघे समोरासमोर खुर्च्या मांडून उठण्या-बसण्याचा पाठ दहादा करतो.